मोजणीचा रविवार

वाचनालयाच्या दाराला पुठ्ठ्याची पाटी लटकते आहे : ‘वार्षिक पडताळणीमुळे आज देवघेव बंद. मदतीला येणाऱ्यांनी खुशाल आत यावे.’ मे महिना उतरणीला लागलाय. सकाळचे आठच वाजलेत, तरी पायरीवर चपलांची दाटी झाली आहे. आत कपाटं सरकवल्याचा खडखडाट चालू आहे आणि त्यातून एका मुलीचा खणखणीत आवाज येतोय, “तीन हजार सातशे बारा!”

गाव तालुक्याचं, सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचं. जूनमध्ये इथं पावसाने एकदा बैठक मारली की गणपतीपर्यंत भिंतींची ओल हटत नाही. पुस्तकांची मोजणी, फाटक्यांची डागडुजी, कपाटांची झाडलोट, छपराची शाकारणी, सगळं त्याआधी उरकावं लागतं. वाचनालयात पगारी माणसं दोन : ग्रंथपाल बाई आणि शिपाई मामा. एवढी कपाटं दोघांनी रिकामी करून, पुसून, मोजून परत लावायची म्हटली तर महिना जाईल, आणि तोवर वाचकांनी काय करायचं? म्हणून हा एक रविवार गावाचा.

कार्यवाह म्हणजे निवृत्त गुरुजी. ते दारातच वही घेऊन उभे आहेत. येणाऱ्याला नाव विचारायचा प्रश्न नाही, निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलंय. “काय जमेल?” एवढंच ते विचारतात. टेलरकाका “शिवण” म्हणतात, ते बांधणीच्या टेबलाकडे. वायरमन शिडी घेऊनच आलाय, तो वर. अभ्यासिकेतली मुलंमुली, म्हणजे तलाठी भरती, पोलीस भरती, राज्यसेवा अशा परीक्षांच्या तयारीला रोज इथं बसणारी मंडळी, कपाटं हलवायला. बचतगटाच्या चौघी म्हणतात, आम्ही चहापोह्यांचं बघतो. गुरुजी मान हलवतात. “पोहे आज मुलं करतील. तुम्ही बालविभाग घ्या. पोरं काय मागतात ते तुमच्याइतकं कुणाला माहीत?” चौघी पदर खोचून आत जातात.

मला मोजणीच्या तक्त्यावर बसवलंय. तक्ता म्हणजे चौकटी आखलेला मोठा कागद, एका चौकटीत एक दाखल क्रमांक. वाचनालयात पुस्तक आलं की आधी दाखलनोंदवहीत चढतं : तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत, विकत घेतलं की भेट आलं. तिथं मिळालेला क्रमांक त्या पुस्तकाला कायमचा चिकटतो. कपाटात मात्र पुस्तकं विषयवार लावलेली असतात. कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, प्रवास. त्यामुळे कपाटापाशी स्टुलावर चढलेली सातवीतली मुलगी एकेक पुस्तक उघडते, शिक्क्यातला क्रमांक वाचते, आणि मी ती चौकट शोधून खूण करते. शेवटी ज्या चौकटी कोऱ्या राहतील ती पुस्तकं एक तर वाचकांच्या घरी आहेत, नाहीतर हरवलीत.

एका चरित्राची पहिली चार पानंच गायब आहेत, त्यांच्याबरोबर शिक्काही गेलाय. मुलगी थांबते. ग्रंथपाल बाई जवळ येऊन तिला मधलं एक पान उघडायला सांगतात. त्या पानाच्या तळाला तोच शिक्का, तोच क्रमांक. बहुतेक वाचनालयांचं असं एक ठरलेलं पान असतं. कव्हर गेलं, सुरुवात गेली, तरी पुस्तक कुणाचं ते त्या पानावरून ओळखू येतं. पान कितवं ते बाई मुलीच्या कानात सांगतात. तिचा चेहरा असा खुलतो की पुढच्या प्रत्येक पुस्तकाचं ती ते पान उघडूनच बघते.

“काका, एक विचारू?” वायरमन शिडीवरून गुरुजींना म्हणतो. तो ट्यूबलाइटच्या पट्टीमागची उंदरांनी कुरतडलेली वायर ओढून काढतोय. “बाहेर पाटीवर शासनमान्य लिहिलंय. मग हे सगळं सरकारनं करायचं ना?”

प्रश्न सरळ आहे, गुरुजी उत्तरही सरळ देतात. शासनमान्य म्हणजे सरकारी नव्हे. हे वाचनालय गावाने काढलेली नोंदणीकृत संस्था आहे. मालक सभासद. दरवर्षी वार्षिक सभा होते, कार्यकारी मंडळ सभासद निवडतात, हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर होतो. सरकार अनुदान देतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला, दुसऱ्या वर्षी ग्रंथालय संचालनालय सुरू झालं आणि गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवून वार्षिक अनुदान मिळू लागलं. पुस्तकं किती, वर्गणीदार किती, नियतकालिकं किती येतात, दार किती वेळ उघडं असतं, यावर वर्ग ठरतो.

“मद्रास राज्याने १९४८ साली कायदा केला,” गुरुजी म्हणतात, “कर्नाटकाने १९६५ साली. तिकडे घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा उपकर गोळा होतो. म्हणजे ज्याचं घर, त्याचा वाटा आपोआप. आपल्या कायद्यात तो उपकर नाही. आपल्याकडे वाटा मागून घ्यावा लागतो, नाहीतर आपण होऊन द्यावा लागतो.”

वायरमन खाली बघतो. “आणि अनुदान पुरत नाही?”

“निम्मं पगाराला, निम्म्यात पुस्तकं, मासिकं, वीजबिल, स्टेशनरी, सगळं. २०२२मध्ये सरकारने अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं, त्याने श्वास घ्यायला जागा झाली. पण हप्ता उशिरा आला म्हणून बाईंनी कधी दार बंद ठेवलंय?”

ग्रंथपाल बाई तेवढ्यापुरत्या कपाटाकडे तोंड करून उभ्या राहतात. त्यांनी ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग केला आहे, इथं त्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत, आणि त्यांच्या पगाराचा आकडा या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दहा हजारांहून जास्त शासनमान्य वाचनालयं महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतली बहुतेक अशाच बायामाणसांच्या चिकाटीवर उघडतात. गावाने वाचनालयाला आधार द्यायचा म्हणजे आधी या माणसांना एकटं पडू द्यायचं नाही. वायरमन एकदा बाईंकडे बघतो आणि परत वर चढतो. वायरचे पैसे तो नंतर घेत नाही, फक्त नव्या स्विचचं बिल देतो.

बांधणीचं टेबल खिडकीशी आहे. तिथं आज सगळ्यांत जास्त गर्दी. गावातल्या छापखान्यात पूर्वी बाइंडिंगचं काम करणारे एक आजोबा खळ घेऊन बसलेत. गव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ, त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचूद नसेल तर त्याच खळीपायी पुस्तकाला कसर लागते, हे ते मुलांना दोनदा बजावतात आणि मोरचूद विषारी आहे म्हणून भांडं मुलांच्या हाताला लागू देत नाहीत.

त्यांच्यापुढे आत्ता ‘मृत्युंजय’ आहे. पुस्तकाचा कणा सुटलाय, पानांचे गठ्ठे वेगळे झालेत, आणि कुणीतरी मायेने लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून कागदात मुरली आहे. आजोबा पट्टीला हात लावत नाहीत. ती ओढली तर अक्षरंही निघून येतील. ते आधी जुना कणा सुरीने खरवडतात. मग गठ्ठे म्हणजे जुजं ओळीने लावतात, टेबलाच्या कडेवर ठोकून एकसारखी करतात. टेलरकाका सुई पुढे करतात, आजोबा ती परत देऊन दाभण घेतात. “तुझी सुई कापडाला. इथं आधी भोक, मग दोरा.” प्रत्येक जुजाच्या घडीत दाभणाने भोकं पडतात, मेण लावलेला दोरा आत जातो, बाहेर येतो, मागच्या जुजाच्या टाक्यात अडकून पुढे जातो. जुजबंदीचा हा टाका टेलरकाकांच्या दुसऱ्याच प्रयत्नात जमतो. कण्यावर खळ, खळीवर मलमलची पट्टी, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कापड. मग दोन पाटांमध्ये दाबून वर वरवंटा ठेवायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही.

“बाजारात नवी प्रत मिळते की आजोबा,” अभ्यासिकेतला एक जण म्हणतो.

“मिळते ना. मग हिचं काय करशील?” आजोबा मागचं पान उघडून त्याच्यापुढे धरतात. तिथं चिकटवलेल्या देवघेवीच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के एकमेकांत मिसळलेत, चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवून तिचा जाड थर झालाय. “एवढ्या लोकांनी नेलं म्हणून फाटलं. जे कपाटात नवं कोरं आहे ना, त्याची काळजी कर.”

हे वाक्य मी तक्त्याच्या कडेला लिहून ठेवते. पडताळणीत खरोखर काळजी करण्यासारखी पुस्तकं तीच निघतात : वर्षानुवर्षं कुणी न नेलेली, पण जागा अडवणारी.

आणि नेमकी तशीच पुस्तकं अकराच्या सुमाराला टेम्पोतून येतात.

एक गृहस्थ पोती उतरवून घेतात. घर पाडून नवं बांधतायत, वडिलांची पुस्तकं आहेत, वाचनालयाला द्यायची आहेत. भावना खरी आहे, त्यांचे डोळेही भरून आलेत. ग्रंथपाल बाई त्यांना खुर्ची देतात, पाणी देतात आणि पोती त्यांच्यासमोरच उघडतात. वरती जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, मागच्या वर्षांची पंचांगं, दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच, ओल लागून एकमेकांना चिकटलेली साप्ताहिकं. बाई सगळं उलगडून बघतात. गठ्ठ्याच्या तळाला तालुक्याच्या जुन्या यात्रेच्या स्मरणिका आहेत, एका सहकारी सोसायटीचा रौप्यमहोत्सवी अंक आहे आणि वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पावसाच्या नोंदींची वही आहे. बाई ही तीन बाजूला काढतात.

“हे आम्हाला हवंय,” त्या म्हणतात. “हे पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात मिळायचं नाही. याची स्थानिक विभागात नोंद होईल, वडिलांच्या नावाने. बाकीचं इथं ठेवलं तर धूळ खाईल, आणि एकदा नोंदवहीत चढलं की काढायला ठराव करावा लागतो, निर्लेखनाचे नियम पाळावे लागतात. तुम्ही रद्दीत घाला. आलेल्या पैशात काय घेता येईल त्याची यादी देते.”

यादी तयारच आहे. काउंटरवर ‘मागणी वही’ असते. वाचकाने मागितलेलं आणि वाचनालयात नसलेलं पुस्तक तीत लिहायचं. वहीतली वरची पंधरा नावं बाईंनी एका कागदावर उतरवून ठेवलीत. गृहस्थ यादी वाचतात, खिशातून पेन काढून तीन नावांवर खूण करतात. “ही बाबांना आवडली असती,” म्हणतात. कुणाला राग येत नाही, कुणाला अपमान वाटत नाही. मला वाटतं, दान द्यायची ही रीत प्रत्येक गावाने उचलावी. आपल्या घरात काय नकोसं झालंय यापेक्षा वाचनालयात काय मागितलं जातंय, हे विचारून द्यावं.

दुपार होते. अभ्यासिकेतली मुलं खालचे कप्पे रिकामे करतायत. कपाटांचा सगळ्यांत खालचा कप्पा यंदा मोकळाच ठेवायचा असं ठरलंय. हा हट्ट त्यांच्यातल्याच एकाचा. जुलै २०२१च्या पुरानंतर तो इथल्या मित्रांबरोबर चिपळूणला चिखल काढायला गेला होता. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे तिथलं वाचनालय १८६४ सालचं. २००५च्या पुरातून सावरलेलं, २०२१मध्ये पुन्हा पाण्याखाली गेलेलं.

“भिजलं की पुस्तक फुगतं,” तो सांगतो. हातातलं काम चालूच आहे. “कप्प्यात गच्च बसलेली असली तर अशी आवळतात की ओढून निघत नाहीत, फळी फोडावी लागते. आणि गुळगुळीत कागद असेल तर पानं एकमेकांत जी चिकटतात, ती सुटतच नाहीत. संपलं ते पुस्तक.” दोन वर्षं आधी सांगलीतही कृष्णेच्या पुराने हेच केलं होतं. १८६९ साली सुरू झालेल्या सांगली नगर वाचनालयाची पुस्तकं ऑगस्ट २०१९मध्ये पाण्यात गेली. दोन्ही गावं थांबली नाहीत. तिथल्या लोकांनी वाचनालयं पुन्हा उभी केली. पण उरलेलं वाचवण्यापेक्षा आधीच उंचावर ठेवणं सोपं, हे या मुलाला चिपळूणच्या चिखलाने शिकवलंय. तो बोटाने दाखवतो, पुस्तकं कप्प्यात इतकी सैल हवीत की मध्ये दोन बोटं जावीत. दाखलनोंदवह्या, म्हणजे वाचनालयाचा सातबारा, आता वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटात जातायत. त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचं काम दोन मुलींनी सकाळपासून हातावेगळं केलंय.

छपरावर कौलं चाळणारे गवंडी आहेत. त्यांच्या पायाखाली वाशांचा आवाज होतो आणि प्रत्येक आवाजासरशी खाली थोडी माती पडते, म्हणून वाचनकक्षातल्या टेबलांवर ताडपत्री पसरली आहे. गवंड्यांची मजुरी बाजारपेठेतल्या दुकानदारांनी उचलली आहे. दुकानदारांचं आणखी एक काम वर्षभर चालतं : एकेका दुकानाने एकेका वर्तमानपत्राचं बिल वाटून घेतलंय. ज्याच्या घरी पेपर येत नाही असा माणूस सकाळी इथं येतो, चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, आणि हा मुक्तद्वार विभाग असल्याने त्याला एक पैसाही लागत नाही. दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, त्याला शंभरावर वर्षं झाली. आजही दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने वाचनालयाला सगळ्यांत जास्त नवे सभासद अंकांमुळेच मिळतात. अंकांच्या खरेदीला हातभार लावला तर त्याचा उपयोग डोळ्यांना दिसतो.

दारापाशी एक खोकं ठेवलंय. ‘दंड माफ. पुस्तक टाका, काही विचारणार नाही.’ दिवसभरात त्यात बरीच पुस्तकं पडतात. शाळा सोडून गेलेल्या मुलांनी नेलेली, बदलीवर गेलेल्या कारकुनाच्या सामानात राहिलेली, शेजाऱ्याला वाचायला दिली ती तिथंच राहिलेली. अभ्यासिकेतली दोन मुलं मोटारसायकलवरून थकीत सभासदांच्या घरी जाऊन आली, तीही रिकाम्या हाताने परतली नाहीत. भीती दंडाची असते. दंड काढला की लोक पुस्तक आनंदाने परत करतात.

एक बाई मात्र खोक्यात पुस्तक टाकत नाहीत. पिशवीतून काढून थेट काउंटरवर ठेवतात. ओव्यांचं एक संकलन, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं.

“सासूबाईंनी नेलं होतं. त्या गेल्या माघात. कपाट आवरताना सापडलं.”

ग्रंथपाल बाई उठून उभ्या राहतात. सासूबाई त्यांच्या चांगल्या परिचयाच्या होत्या, दर गुरुवारी बाजाराच्या पिशवीतून पुस्तक घेऊन यायच्या. बाई सभासदांची नोंद काढतात, पुस्तक जमा करतात, मग अनामत रकमेची पावती लिहायला घेतात. सभासदत्व बंद करताना ठेव परत द्यायची असते.

“पैसे नकोत,” सूनबाई म्हणतात. थोडं थांबून विचारतात, “त्यांचं खातं माझ्या नावावर होईल का?”

“होतं ना. अर्ज लागेल.”

अर्ज एका पानाचा. नाव, पत्ता, दोन सभासदांच्या सह्या. एक सही तिथं उभे असलेले गुरुजी करतात, दुसरी मी करते. त्या अर्ज भरतात, आणि काउंटरवरचं तेच ओव्यांचं पुस्तक पुन्हा उचलतात. “हे मी नेऊ? आज देवघेव बंद आहे ना?”

बाई त्या पुस्तकाच्या चौकटीवर माझ्याकडून खूण करून घेतात आणि चिठ्ठीवर आजच्या तारखेचा शिक्का मारतात. एखादी इमारत देणगीत मिळाली असती तरी आज या खोलीत इतकं मोलाचं काही घडलं नसतं, असं मी अगदी मनापासून म्हणते. एका घरातला वाचक गेला आणि त्याच घरातला दुसरा आला. वाचनालय टिकतं ते या साखळीवर.

चारच्या सुमाराला वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या बाई दुचाकीवरून येतात. त्यांना पेटी न्यायची आहे. वाडी आठ-नऊ किलोमीटर आत, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की मुलं खाली उतरत नाहीत. मग पुस्तकांनीच वर जायचं. कल्पना जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, तेव्हा लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तकं फिरत. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने तीच वाट धरली, आणि त्यांच्या पेट्या दुबईतल्या मराठी घरांपर्यंत गेल्या.

पेटीत काय घालायचं ते बचतगटाच्या चौघी ठरवतायत. दिवसभर बालविभागात बसून त्यांनी पुस्तकांचे तीन गठ्ठे केलेत : मोठ्या अक्षरांची, गोष्टींची, प्रयोगांची. शाळेच्या बाई म्हणतात, चौथीतल्या दोन मुली सगळं वाचून संपवतात, त्यांच्यासाठी काही जाडजूड द्या. चौघींतली एक कपाटातून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढते, आणखी एक काढते, मग अख्खा संचच पेटीत ठेवते. वर वेखंडाच्या कुटाची पुरचुंडी आणि प्लॅस्टिकचं अस्तर. यादीच्या दोन प्रती होतात, एकीवर शाळेच्या बाईंची सही. पेटी दुचाकीला बांधायला शिपाई मामा सुतळी आणतात. श्रावणात पेटी बदलून नेणार कोण, हे तिथल्या तिथं ठरतं : टेलरकाकांचा मुलगा वाडीवर दूध आणायला जातोच.

संध्याकाळी ताडपत्र्या निघतात. कपाटं जागेवर गेलीत, फरशी पुसली आहे, कौलं पुन्हा बसलीत. कोऱ्या राहिलेल्या चौकटी बाई वाचून दाखवतात, एकेक क्रमांक देवघेवीच्या नोंदीशी ताडून पाहतात. जे सभासदांकडे आहे ते आहे. जे कुठंच नाही त्याची वेगळी यादी होते, ती कार्यकारी मंडळापुढे जाईल. हरवलेल्यांत एक जुनं शब्दकोशाचं बाड आहे. “ते परत घ्यावंच लागेल,” गुरुजी म्हणतात. वायरमन विचारतो, केवढ्याला? आकडा ऐकून तो वायर गुंडाळत गुंडाळत म्हणतो, “आम्ही वायरमन लोक मिळून घेतो. आमच्या नावाचा शिक्का मारा म्हणजे झालं.” मग जरा अडखळून, “पण काका, मी स्वतः सभासद नाहीये.”

गुरुजी त्याच्यापुढे अर्ज सरकवतात.

आता मंडळी जमिनीवर गोल करून बसलीत. पोहे थोडे खारट झालेत, तरी पातेलं रिकामं होतं. गुरुजी सकाळची वही उघडतात. पुढच्या बारा महिन्यांची पानं आखली आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दोघांनी यायचं, दोन तास. एकाने फाटकी पुस्तकं बघायची, एकाने मागणी वही बघायची. वर्षातून एकदा शंभर हात लागले, आणि बाकीचं वर्ष बाई एकट्याच राहिल्या, असं यंदा होऊ द्यायचं नाही, असं ते म्हणतात. वही गोलात फिरते. जूनला बांधणीवाले आजोबा आणि सातवीतली मुलगी. जुलैला तो चिपळूणला जाऊन आलेला मुलगा, पावसाचा महिना त्याने मागून घेतला. ऑगस्टमध्ये बारा तारखेला ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. त्या महिन्यात मी माझं नाव लिहिते. सप्टेंबरला बचतगटाच्या दोघी. ऑक्टोबरमध्ये डॉ. कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो, तो अभ्यासिका घेते. वायरमन मार्च मागतो, तेव्हा परीक्षा असतात, अभ्यासिकेतले दिवे तपासलेले बरे. वही गुरुजींकडे परत जाते तेव्हा एकही महिना मोकळा राहिलेला नसतो.

हे मी लिहिते आहे ते एवढ्यासाठी की यातलं काहीच अवघड नाही. रत्नागिरीत १८२८ साली, नाशकात १८४० साली, पुण्यात १८४८ साली लोकांनी वाचनालयं काढली, तेव्हाही कुणी थोडे पैसे दिले, कुणी जागा दिली, कुणी पुस्तकं आणून दिली, आणि कुणीतरी रोज दार उघडलं. आजही लागतं तेवढंच. तुमच्या गावात असं एक वाचनालय असेल, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, नाहीतर नगरपंचायतीच्या शेजारी. तिथल्या ग्रंथपालांना विचारा, तुमच्या मागणी वहीत वरचं नाव कोणतं आहे. तुम्हाला जे काम येतं ते सांगा, मग ते शिवण असो, वायरिंग असो की हिशेब. वार्षिक सभेला जा. आणि सगळ्यांत आधी सभासदत्वाचा एक पानी अर्ज भरून एक पुस्तक घरी न्या, ते वाचा, आणि बदलायला परत या.